पारोसी लक्ष्मी

कारंज्यात पैशाच्या दोन गोष्टी लहानपणापासून कानांवर पडतात. एक १६७० सालची. शिवाजी महाराजांच्या फौजेने हे गाव लुटले आणि चार हजार बैल-गाढवांवर लादून माल नेला, असे जदुनाथ सरकारांनी लिहिले आहे. दुसरी लेकुरसंघईंच्या कस्तुरीच्या हवेलीची. उंटांवरून आलेली सगळी कस्तुरी त्यांनी विकत घेतली आणि बांधकामाच्या चुन्यात कालवून टाकली, अशी आख्यायिका. माझी गोष्ट तिसरी, आणि फार किरकोळ रकमेची. ती आमच्या घरातल्या एका पितळी डब्याची आहे.

आजोबांची कापसाची अडत होती. दर दिवाळीच्या आधी ते बँकेतून कोऱ्या नाण्यांची एक पुडी आणत आणि लक्ष्मीपूजनाला चोपडीशेजारी मांडत. पूजा झाली की नाणी डब्यात जात. ती कधी खर्चायची नाहीत. १ एप्रिल १९५७ला दशमान चलन आले, त्या वर्षीच्या कांस्याच्या 'नया पैशा'पासून डब्याची सुरुवात आहे. आजी गेल्यावर तो माझ्याकडे आला. मी तेव्हा नुकताच नाणी जमवू लागलो होतो. बाजार न पाहिलेली नाणी, म्हणजे एकजात 'यूएनसी', असे मी मनाशी धरून चाललो होतो.

यूएनसी म्हणजे चलनात न फिरलेले नाणे. पण नाणे फिरले की नाही हे नाण्याच्या मालकाला विचारायचे नसते, नाण्यालाच विचारायचे असते. टाकसाळीत दोन ठशांमध्ये चकती दाबली जाते तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर केसाहून बारीक रेषा उमटतात. एका दिव्याखाली नाणे तिरपे करून फिरवले, की या रेषांवरून उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. हीच मूळ झळाळी. झीज आधी उंचवट्यांवर दिसते; आपल्या नाण्यांवर सिंहांच्या चेहऱ्यावर आणि छातीवर. तिथली झळाळी तुटली असेल तर नाणे कोरे नाही. टाकसाळीच्या पोत्यात एकमेकांवर आपटून पडलेले ओरखडे मात्र चालतात. त्यांनी नाणे 'फिरलेले' ठरत नाही, फक्त त्याची प्रत उतरते.

ही प्रत ६० ते ७० अशा आकड्यांत सांगतात. मूळ मोजपट्टी १ ते ७०ची, विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली जुन्या अमेरिकन सेंटांसाठी केलेली. तिचा हिशेब मुळात भावाचा होता: ७० प्रतीचे नाणे १ प्रतीच्या सत्तरपट किमतीचे. भाव केव्हाच बदलले, आकडे तेवढे राहिले. (याच शेल्डनने न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम सेंट काढून त्यांच्या जागी हलकी ठेवली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झाले. प्रत ओळखणाऱ्याचीही प्रत पाहावी लागते.)

भिंग घेऊन मी डबा उपसला. नव्या पैशांवर उजेडाचा पट्टा फिरेना. ते चमकत होते, पण सपाट, गुलाबीसर. टाकसाळीतून निघालेल्या कांस्याचा तो रंगच नव्हे. अॅल्युमिनियमची चौकोनी पाच पैशांची नाणी राखाडी झाली होती. अक्षरांच्या कोपऱ्यांत कुंकू वाळून बसले होते. कारण मला ठाऊक होते. पूजेआधी आजी प्रत्येक नाणे चिंचेने घासून, दुधाने धुऊन घेई. बँकेतून आलेली नाणी कशाला धुतेस, असे मी एकदा विचारले तेव्हा ती म्हणाली होती, "लक्ष्मीले पारोसं बसवतेत का रे बाबू?" चिंचेच्या आंबटाने त्या बारीक रेषा खाऊन टाकल्या होत्या, आणि त्या पुन्हा आणता येत नाहीत. एकदाही हातोहात न गेलेली, तरी एकही यूएनसी नाही. जाणकाराच्या लेखी ती सगळी 'साफ केलेली' नाणी, म्हणजे जवळजवळ बाद.

तळाशी एक पुडी न उघडलेली होती. वर आजोबांच्या अक्षरात 'दिवाळी १९७१'. आत कमळाची, पितळी रंगाची वीस पैशांची पंचवीस नाणी. टोकाची दोन कागदाला लागून काळवंडलेली. मधली मात्र अशी, की पट्टा गर्रकन फिरला. त्यांतल्या चार-पाचांना मी ६५ देईन, आणि हात आखडता घेऊन.

हीच पुडी का राहिली? आजोबांची त्या सालची रोकडवही काढली. दर वर्षी पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक आणि 'श्री' असते. त्या पानावर काहीच नाही, सरळ जमाखर्च सुरू. खर्चाच्या तिसऱ्या ओळीत लाकडे, कापड, मडके. तेव्हा लक्षात आले. आजोबांचे धाकटे भाऊ त्या वर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी गेले होते. घरात सुतक, पूजा नाही, म्हणून चिंच नाही, दूध नाही. आजोबांनी पुडी तशीच डब्यात टाकली असणार.

म्हणजे आमच्या डब्यात प्रतीचा अर्थ उलटा आहे. जितके नाणे खराब, तितकी दिवाळी नीट पार पडलेली. लिलावाच्या यादीत हे कुठल्या रकान्यात लिहायचे, ते मला सुचत नाही. आणि आमचा छंद या बाबतीत जरा आंधळा आहे असे माझे मत झाले आहे.

एका व्यापाऱ्याने पुडीला बरा भाव सांगितला, धुतलेली नाणी वजनावर मागितली. ३० जून २०११पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली, तेव्हा ती आता बाजारात फिरणे नाही. मी दोन्ही दिली नाहीत. पुडी कोरड्या, आम्ल नसलेल्या कागदात गुंडाळली. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांनी नाण्यांवर हिरवट चिकटा येतो. यंदा मुलीने बँकेतून दहाची नवी नाणी आणली आहेत. पत्नीने चिंच भिजत घातली, ते मी पाहिले आणि काही बोललो नाही.