सेंट अँड्र्यूजचे माळरान

गोल्फ म्हटले की साहेबांचा क्लब, दारावरचा पहारेकरी आणि खांद्यावर काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. ते चित्र खोटे नाही. कलकत्त्यास १८२९ साली इंग्रजांनी असाच एक क्लब काढला. मग कामगार चळवळीत हयात घालविलेल्या आम्ही या खेळाचा इतिहास का सांगावा? कारण स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज गावी त्याची मुळे एका सार्वजनिक माळरानात आहेत.

समुद्रकाठची ती वाळूची, खुरट्या गवताची जमीन नांगराच्या कामाची नव्हती. आपल्या गायरानासारखी ती गावाची होती. तेथे मेंढ्या चरत, लोक कपडे वाळवीत आणि काठी-चेंडू खेळत. धनुर्विद्येकडे दुर्लक्ष होते म्हणून १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने या खेळावर बंदी घातली. तरी खेळ टिकला. १५५२ साली आर्चबिशप हॅमिल्टन यांना माळावर ससे सोडावयाचे होते. त्या वेळच्या सनदेत गावकऱ्यांचा तेथे खेळण्याचा हक्क लेखी मान्य झाला. आमच्या मते हा कागद फार मोलाचा. तोंडी वहिवाट बुडविणे धनवंताला सोपे जाते.

१७५४ साली बावीस सरदार-जमीनदारांनी खेळाडूंची मंडळी स्थापन केली. पूर्वी एका फेरीत २२ खळगे घेत. १७६४ साली ते १८ झाले आणि पुढे तोच जगाचा दंडक ठरला. १८३४ साली राजा चौथा विल्यम याने या मंडळीस 'रॉयल' ही पदवी दिली. क्लब असा प्रतिष्ठितांचा झाला, जमीन मात्र गावाची होती.

तीही एकदा हातची गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने माळ गमावला आणि तो सशांच्या व्यापाऱ्यांकडे आला. सशांनी जमीन पोखरली. भांडण कोर्टात गेले. १८२१ साली चीप नावाच्या जमीनदाराने माळ विकत घेतला, म्हणून खेळ वाचला; पण एका मालकाच्या मर्जीवर. अखेर १८९४ साली संसदेच्या कायद्याने तो पुन्हा नगरपालिकेकडे आला.

श्रोतेहो, या मैदानामागचे हातही विसरू नका. कातडी पिशवीत उकडलेली पिसे ठासून कारागीर चेंडू बनवीत. दिवसाकाठी मोजकेच होत. १८४८ च्या सुमारास मलायाकडील झाडाच्या चिकाचा स्वस्त चेंडू आला आणि तो धंदा बसला. त्याच धंद्यात शिकलेला टॉम मॉरिस हा विणकराचा मुलगा. नव्या चेंडूवरून उस्तादाशी बिनसल्याने त्याने गाव सोडले. पुढे परतून त्याच मैदानाची निगा राखली आणि मोठे नाव कमावले.

क्लबाने स्त्रियांना सभासद करून घेण्याचा ठराव केला तो २०१४ साली! मैदानाचा कारभार मात्र १९७४ पासून सार्वजनिक विश्वस्त मंडळाकडे आहे. जुन्या मैदानावर एरवी रविवारी खेळ बंद असतो आणि कोणीही त्यावरून फिरावयास जातो.

आपल्या गावची गायराने आणि मैदाने कोणाच्या नावे चढली आहेत, हे आपण कधी पाहिले आहे काय? नसेल, तर तलाठ्याकडे जाऊन सातबारा अवश्य पाहावा.