सुई, कुपी आणि अपुरा धडा

1986च्या आरंभी मद्रास मेडिकल कॉलेजातील प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी जमवलेल्या रक्तनमुन्यांपैकी 6 नमुने वेल्लोरच्या चाचणीत बाधित निघाले. भारतातील एच.आय.व्ही.ची ही पहिली नोंद. (सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. 1993 साली त्यांनी स्थापलेल्या ‘वाय. आर. जी. केअर’ या संस्थेला वडिलांचे नाव आहे.) ते नमुने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे होते, आणि त्यामुळे पुढील प्रबोधनाचा सारा भर लैंगिक संबंधांवर राहिला. रक्तातून होणारा प्रसार पत्रकाच्या तळाशी एका ओळीत उरकला जाई.

त्या ओळीचे मोल मणिपूरने दाखवले. तेथे 1989-90च्या अवघ्या काही महिन्यांत सुईने हेरॉइन घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे बाधित झाले. चेन्नईत 1990च्या दशकात हेरॉइन ओढणारे अनेकजण ब्यूप्रेनॉर्फिनच्या इंजेक्शनकडे वळले, कारण औषधाच्या दुकानात मिळणारी ही काचेची कुपी स्वस्त पडे.

व्यसनोपचार या शहराला नवा नव्हता. शांती रंगनाथन यांनी 1980 साली सुरू केलेल्या टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशनने रुग्णाबरोबर कुटुंबालाही उपचारात सामील करून घेतले होते. परंतु पूर्ण व्यसनत्याग हेच जिथे ध्येय, तिथे निर्जंतुक सुईविषयी बोलणे म्हणजे व्यसनाला मूक संमती, ही शंका कोणत्याही उपचारकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ती प्रामाणिक असली, तरी माझ्या मते चुकीची आहे. उपचारानंतर व्यसन उलटणे हा अपवाद नव्हे, आणि उलटण्याच्या त्या दिवशी काय करावे हे रुग्णाला उपचारातच कळायला हवे.

शिवाय ‘दुसऱ्याची सुई वापरू नका’ हे वाक्य पुरे पडत नाही. दोघांनी आपापली नवी सुई वापरली, पण एकाने आधी वापरलेली सिरिंज सामायिक कुपीत बुडवली, तर विषाणू कुपीतूनच दुसऱ्यापर्यंत जातो. सिरिंज धुण्याचे पाणी आणि गाळण्याचा कापूसही तेच करतात. हे ज्याला कृतीच्या क्रमाने समजावले नाही, तो नियम पाळूनही बाधित होतो. त्यातच, अंगदुखी, जुलाब आणि निद्रानाशाने पहिले काही दिवस पिळून निघालेल्या माणसाला व्याख्यान देण्यात अर्थ नसतो. शिकवण्याची वेळ त्यानंतरची.

2005-06 मध्ये वाय. आर. जी. केअरच्या संशोधकांनी चेन्नईतील अशा हजाराहून अधिक व्यक्तींची नोंदणी करून पाठपुरावा केला. बाधितांत मृत्यू अधिक होतेच, पण अबाधितही चिंताजनक प्रमाणात दगावले. कारणांत एड्स आणि क्षय यांच्या जोडीला मात्रा अधिक होणे व अपघात हेही होते. केवळ विषाणूचा धडा देणाऱ्या केंद्राने यांतील पुष्कळ मृत्यूंविषयी चकार शब्द काढला नसता.

2007 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात पर्यायी औषधोपचाराला शासकीय आधार मिळाला. त्यातील प्रमुख औषध ब्यूप्रेनॉर्फिनच. मात्र कुपीऐवजी जिभेखाली विरघळणारी गोळी, देखरेखीखाली. निर्जंतुक सुया पुरवणे हा गुन्हा नाही, हे कायद्यात उदाहरणासह लिहिले जायला मात्र 2017चा एच.आय.व्ही. व एड्स अधिनियम यावा लागला.