बारा खोल्या, बाराही रिकाम्या

शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारी २.४३

आल्फ्रेड हिचकॉकच्या 'सायको'त (१९६०) कॅमेरा फिनिक्स शहराच्या छपरांवरून सरकत असताना पडद्यावर गाव, तारीख, वार आणि वेळ उमटते. पोलिसांच्या कागदावर असते तशी, मिनिटासकट. तारखेबद्दल असं सांगतात की, शहराची दृश्यं टिपली तेव्हा रस्त्यांवर नाताळच्या माळा लागल्या होत्या आणि त्या लपवायला जागा नव्हती, म्हणून डिसेंबर. वेळेचं कारण हिचकॉकने स्वतः फ्रान्स्वा त्रुफोला सांगितलं होतं. पावणेतीन वाजत आलेत, म्हणजे चित्रपटाच्या नायिकेने जेवणाची अख्खी सुट्टी प्रियकरासोबत हॉटेलच्या खोलीत काढली आहे आणि तिच्याकडे दुसरी वेळच नाही, हे आकड्यावरून कळावं.

चित्रपटातलं पहिलंच वाक्य जेवणाबद्दल आहे. तू काही खाल्लंच नाहीस, असं सॅम लूमिस मॅरियन क्रेनला म्हणतो. सॅमचं कॅलिफोर्नियातल्या फेअरव्हेल गावात हार्डवेअरचं दुकान आहे. वडिलांनी मागे ठेवलेलं कर्ज आणि घटस्फोटित बायकोची पोटगी यांतून तो मोकळा होत नाही, म्हणून लग्न होत नाही. मॅरियन उपाशीच कामावर परतते.

पुढे तिला भेटणारा मोटेलवाला नॉर्मन बेट्स या क्षणी काय करतो आहे, हे चित्रपट सांगत नाही. त्याच्या दिवसाला वेळ लावून दाखवायची गरज हिचकॉकला पुढेही कधी वाटत नाही.

त्याच दुपारी, थोड्या वेळाने

घरं-जमिनींचे व्यवहार करणाऱ्या कचेरीत टॉम कॅसिडी नावाचा तेलातून पैसा केलेला माणूस मॅरियनच्या टेबलावर बूड टेकवून बसतो आणि नोटा काढतो. मुलीच्या लग्नात घर भेट द्यायचंय, त्याचे ४० हजार डॉलर, रोख. मालक लोवरी घाबरतो. एवढी रोकड कचेरीत नको, आत्ताच बँकेत ठेवून ये, सोमवारी बघू, असं तो मॅरियनला सांगतो.

सोमवार. चित्रपटातलं खरं टाइमबॉम्बचं घड्याळ इथे सुरू होतं, असं आपल्याला वाटतं. बँकेत पैसे पोचलेच नाहीत, हे सोमवारी सकाळी कळणार. तोवर ही कुठे पोचते? पुढचा जवळजवळ अर्धा तास प्रेक्षक याच हिशेबात गुंतलेला असतो, आणि हा हिशेब संपूर्ण चुकीचा आहे. सोमवार तिच्या आयुष्यात येणारच नाही. हिचकॉकने आपल्या हातात भलत्याच माणसाचं घड्याळ दिलंय.

संध्याकाळ

घरात मॅरियन कपडे बदलते. हॉटेलात पांढरी असलेली अंतर्वस्त्रं आता काळी आहेत. बॅग भरता भरता ती पलंगावरच्या जाडजूड पाकिटाकडे पुनःपुन्हा बघते. एकही संवाद नाही. जॅनेट लीच्या अभिनयाचं कौतुक न्हाणीघरातल्या किंकाळीसाठी होतं. मला विचाराल तर ते या पाकिटाकडे बघण्यासाठी व्हायला हवं.

गाव सोडताना सिग्नलला गाडी थांबते आणि समोरून लोवरी रस्ता ओलांडतो. ओळखीचं हसतो, पुढे जातो, मग कपाळाला आठी घालून वळून बघतो. डोकं दुखतंय म्हणून घरी जाते, असं तिने त्यालाच सांगितलेलं असतं.

शनिवार, सकाळ

रस्त्याकडेला गाडी लावून ती रात्रभर पुढच्या सीटवर झोपली आहे. काचेवर टकटक. काळा चष्मा लावलेला पोलिस. तो तिला दरडावत नाही, उलट काळजीपोटी सांगतो की, या भागात मोटेल पुष्कळ आहेत, तिथे उतरायला हवं होतं, सुरक्षित राहतं.

या वाक्यावर पहिल्यांदा बघणारा कोणीच हसत नाही. दुसऱ्यांदा बघणारा हसतो आणि मग त्याला कसंतरी होतं.

पुढे जुन्या गाड्यांच्या बाजारात ती स्वतःची गाडी आणि वर ७०० डॉलर देऊन कॅलिफोर्नियाच्या नंबरप्लेटची गाडी घेते, तीही इतक्या घाईने की विकणाराच चक्रावतो. गिऱ्हाईकाने विकणाऱ्याच्या मागे लागावं, हे त्याने आजवर पाहिलेलं नसतं. पोलिस रस्त्यापलीकडे उभा राहून सगळं बघतो आहे. लपण्यासाठी बदललेली गाडी साक्षीदारासमक्ष बदलली जाते. चोरी मॅरियनला जमत नाही. ती त्या जातीची नाहीच.

शनिवार, दुपार ते अंधार

ती गाडी चालवते आणि डोक्यात सोमवारचे आवाज ऐकते. ऑफिसातली मैत्रीण, लोवरी, भडकलेला कॅसिडी. अजून न घडलेली संभाषणं ती आधीच रचते आहे. एका क्षणी तिच्या ओठांवर हलकंसं हसू येतं. ते चांगलं हसू नाही. बर्नार्ड हर्मनचं संगीत केवळ तंतुवाद्यांचं, एकसारखं खालून ढोसणारं. समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात, पाऊस सुरू होतो, वायपर पुरे पडत नाहीत. यात कुठेतरी मुख्य रस्ता सुटतो.

अमेरिकेत १९५६ साली आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला आणि गावांना वळसा घालणारे रुंद रस्ते निघाले. जुन्या रस्त्यांवर उतारूंच्या जिवावर चाललेले धंदे जिथल्या तिथे बसले. बेट्स मोटेल त्यांतलंच. नॉर्मन स्वतःच तिला सांगतो की महामार्ग दूर गेला, आता वाट चुकलेलाच इथे येतो. बारा खोल्या, बाराही रिकाम्या. तरी दिवे लावतच राहतो, असं तो म्हणतो. पुढे एका गुप्तहेराला तो सांगणार आहे की, कोणी झोपलेलं असो वा नसो, आठवड्यातून एकदा सगळ्या पलंगांच्या चादरी बदलतो, कारण त्याला ओलसर वास सोसत नाही. न येणाऱ्या पाहुण्यांसाठी अंथरुणं घालणारा हा पोरगा आपल्याला आधी भावतो, हे विसरता कामा नये. रॉबर्ट ब्लॉकच्या १९५९च्या मूळ कादंबरीतला नॉर्मन चाळिशीचा, लठ्ठ, चष्मिष्ट आणि दारू पिणारा होता. हिचकॉकने तिथे सत्तावीस वर्षांचा, सडपातळ, लाजाळू अँथनी पर्किन्स आणून बसवला.

शनिवार, रात्र

ती खोट्या नावाने नोंद करते: मेरी सॅम्युएल्स, लॉस एंजेलिस. नॉर्मन किल्ल्यांच्या फळीकडे हात नेतो, तो घुटमळतो आणि एक नंबरच्या खोलीची किल्ली काढतो. कचेरीला लागून असलेली खोली. फेअरव्हेल इथून फक्त पंधरा मैल आहे, हे तिला आत्ता कळतं. पाऊस नसता तर ती सॅमच्या दारात असती.

तो तिला जेवायला बोलावतो. वरच्या घरातून म्हातारीचा आवाज येतो, परक्या बाईला घरात आणायचं नाही म्हणून कडाकडा भांडणारा. मग तो ट्रे घेऊन खाली येतो. सँडविच आणि दूध. अंदाजे तीस तासांपूर्वी चुकलेलं जेवण मॅरियनला अखेर मिळतं, ते पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या खोलीत. भिंतीवर पंख पसरलेलं घुबड. नॉर्मन खात नाही. तो बघतो, आणि पाखरासारखं खाता, असं म्हणतो.

माझ्या मते खरा अनर्थ या खोलीत होतो. पुढचं सगळं त्याचा परिणाम. आणि तो एका भल्या वाक्यामुळे होतो. कितीतरी दिवसांत कोणी याच्याशी दोन शब्द बोललेलं नाही. तो मोकळा होतो. आपण सगळे आपापल्या सापळ्यात अडकलेलो असतो, असं काहीसं सांगतो. मॅरियनला त्याची दया येते आणि ती हळूच सुचवते की आईला कुठेतरी ठेवता येईल. एवढंच. तो पुढे झुकतो, चेहरा चौकट भरून टाकतो, आवाज बदलतो. वेड्यांच्या इस्पितळात काय असतं, रोखून बघणारे डोळे कसे असतात, हे तो आतून ओळखीचं असल्यासारखं बोलतो. मग सगळं ओसरतं आणि तो पुन्हा लाजरा मुलगा होतो.

एकाकी माणसाच्या हिंसेवरचे चित्रपट बहुधा अपमान मोजतात: कोण हसलं, कोणी ढकललं, कोणी टाकलं. प्रत्येक अपमानासरशी पाणी चढतं आणि शेवटी बांध फुटतो. 'सायको'त नॉर्मनचा अपमान कोणीही करत नाही. त्याला एक बाई आवडते, ती त्याच्याशी नीट बोलते, आणि तेवढ्यावरून ती मरते.

ती उठते. उद्या फिनिक्सला परत जायचं, असं तिने ठरवलंय. सोमवारचं घड्याळ तिने स्वतःच्या हाताने बंद केलं. बोलण्याच्या ओघात ती खरं आडनावही सांगून जाते. नॉर्मन गोळ्या चघळत नोंदवही बघतो (ती चघळण्याची सवय पर्किन्सने स्वतः सुचवली होती), मग भिंतीवरचं चित्र उतरवून भोकाला डोळा लावतो. पलीकडे मॅरियन कागदावर ७०० डॉलरची वजाबाकी करते, ते कुठून भरायचे ते बघते, कागद फाडून संडासात टाकते आणि पाणी सोडते. मग नळ.

चित्रपट सुरू होऊन जेमतेम पाऊण तास झालाय आणि नायिका संपते. पडद्यावर पाऊण मिनिट. चित्रण मात्र १७ ते २३ डिसेंबर १९५९, सात दिवस, कॅमेऱ्याच्या सत्तरहून जास्त जागा बदलून. रक्त म्हणून चॉकलेट सिरप. त्या दिवसांत पर्किन्स सेटवर नव्हताच, तो न्यूयॉर्कला एका संगीतनाटकाच्या तालमी करत होता. सुरा धरलेली आकृती दुसऱ्याच कोणाची आहे. खून मी केला नाही, असं नॉर्मनला वाटतं, तेव्हा निर्मितीच्या नोंदी त्याच्या बाजूने साक्ष देतील.

नंतर तो बादली आणि पोछा घेऊन फरशी पुसतो. हे पुसणं मारण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ चालतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेले ४० हजार डॉलर, आत काय आहे ते न बघताच, तो गाडीच्या डिकीत फेकतो. ज्या रकमेसाठी आपण दीड दिवस जीव मुठीत धरून बसलो, ती गाडीसकट दलदलीत जाते. गाडी बुडता बुडता मधेच अडते, आणि प्रेक्षागृहातला प्रत्येकजण मनात म्हणतो, बुड गं बाई एकदाची.

दहा वर्षांपूर्वी

घटनाक्रम पुढे नेण्यात अर्थ नाही, कारण तो उलटा जातो. आठवड्याभराने मॅरियनची बहीण लायला सॅमकडे येते, गुप्तहेर येतो आणि मरतो, तळघरातली खुर्ची फिरते. शेवटी मानसोपचारतज्ज्ञ उभ्या उभ्या सगळं समजावून सांगतो. हा प्रसंग मला कधीच आवडला नाही. एवढा वेळ अंधारात ठेवून अखेरीस कोणीतरी फळा पुसून आकृती काढावी तसा तो वाटतो. पण हरवलेली तारीख तिथेच मिळते. नॉर्मन पाच वर्षांचा असताना वडील गेले. आई आणि तो, दोघंच. मग आईच्या आयुष्यात एक पुरुष आला आणि नॉर्मनने दोघांना विष घातलं. गावाच्या नोंदीत ते आईने केलेला खून आणि आत्महत्या म्हणून जमा आहे. त्याने आईचं प्रेत उकरून घरी आणलं, तिच्या आवाजात स्वतःशी भांडू लागला. नॉर्मनचं घड्याळ तिथे थांबलं होतं.

तारीख नाही, वेळ नाही

तोच डॉक्टर शेरीफला विचारतो की इथल्या बेपत्ता माणसांच्या काही प्रकरणांचा छडा लागायचा आहे का. दोन आहेत, उत्तर येतं. तरुण मुली? हो.

बस, एवढंच. त्या कोण, कुठून निघाल्या, पाऊस होता की नाही, त्यांनी काही खाल्लं का, किल्ल्यांच्या फळीवर हात कुठे घुटमळला, यातलं चित्रपटात काहीही नाही.