थाळनेर

खानदेशच्या फारूकी राजवंशाचे आद्य ठाणे व दफनभूमी. हे धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात, धुळ्याच्या ईशान्येस सुमारे ४५ किमी. अंतरावर, तापी नदीच्या उत्तर तीरावर वसले आहे. फारूकींच्या वास्तू पाहू इच्छिणारा प्रवासी बहुधा बऱ्हाणपूर व असीरगडाकडे वळतो. परंतु त्या सत्तेचा उगम थाळनेरला झाला आणि पहिल्या राजांचे देहही येथेच विसावले.

दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याने १३७० मध्ये थाळनेर व करवंद हा मुलूख मलिक राजा यास जहागीर दिला. दुसरा खलीफा उमर अल्-फारूक याचे वंशज म्हणवून घेणाऱ्या या घराण्यास फारूकी हे नाव पडले. मलिक राजा १३८२ मध्ये स्वतंत्रपणे वागू लागला. त्याच्या मृत्यूनंतर (१३९९) थाळनेर धाकट्या मुलाकडे व लळिंग थोरल्या नासिर खानाकडे गेले. नासिर खानाने असीरगड घेतला, बऱ्हाणपूर वसविले आणि १४१७ मध्ये माळव्याच्या मदतीने भावाकडून थाळनेरही हस्तगत केले. राजधानी बऱ्हाणपूरला गेली, तरी नासिर खान (मृ. १४३७), आदिल खान पहिला (मृ. १४४१) व मुबारक खान (मृ. १४५७) यांचे दफन थाळनेरलाच झाले. हा प्रघात दुसऱ्या आदिल खानापासून मोडला. त्याची कबर बऱ्हाणपुरास आहे. येथील घुमटाच्या कबरींपैकी एक अष्टकोनी असून तिचे कोरीव काम विशेष प्रेक्षणीय आहे. माळव्यातील मांडूच्या वास्तुशैलीची छाप तीवर दिसते.

राजधानी गेली तरी बाजारपेठ उरली, कारण गाव सुरत-बऱ्हाणपूर मार्गावर होते. फ्रेंच प्रवासी ताव्हेर्न्ये याने सतराव्या शतकात या मार्गावरील थाळनेरचा उल्लेख केला आहे. बऱ्हाणपूरचे तलम कापड याच वाटेने सुरतेस व तेथून जहाजाने इराण, अरबस्तान व तुर्कस्तानकडे जाई. समुद्रापासून दूर असलेल्या खानदेशचे अरबी किनाऱ्याशी असलेले नाते ते या वाटेचेच.

अकबराने खानदेश जिंकल्यावर (१६०१) थाळनेर मोगलांकडे व अठराव्या शतकात मराठ्यांकडे आले. महिदपूरच्या लढाईनंतर झालेल्या मंदसोरच्या तहाने (जानेवारी १८१८) होळकरांनी खानदेशातील आपला मुलूख इंग्रजांना दिला. सर टॉमस हिसलॉप २७ फेब्रुवारी रोजी किल्ल्यापुढे आला. किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन स्वाधीन झाला होता. परंतु आतील शिबंदीशी, जीत अरब शिपायांचा भरणा होता, बोलणी चालू असताना शेवटच्या दरवाजात चकमक उडाली व मेजर गॉर्डन मारला गेला. त्यावर सुमारे ३०० जणांच्या शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदारास फाशी देण्यात आले. एकमेकांची भाषा न कळल्याने घोटाळा झाला असावा, हे त्याच काळात बोलले गेले. स्वाधीन झालेल्या माणसास दिलेली ही शिक्षा कोणत्याही युद्धनीतीत बसणारी नव्हती. १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेने सैन्याच्या आभाराचा ठराव केला, तेव्हा त्यात थाळनेरच्या या कृत्यास संमती नाही, असे नमूद करावे लागले.

किल्ल्याच्या एका अंगास तापीचे पात्र असून उरलेल्या बाजूंस तट होते. त्यांचा बराचसा भाग आता ढासळला आहे. फारूकींच्या कबरी मात्र घुमटांसह उभ्या आहेत.