अडसर गेला, कडी आली

दाराची कडी खिळखिळी झाली, की आपण तिला तारेने बांधतो आणि कामाला लागतो. आज त्या कडीचाच इतिहास आम्ही सांगणार आहोत.

जुन्या वाड्यांच्या दाराला आतून अडसर असे. जाड लाकडी दांडा भिंतीतल्या भोकातून ओढायचा आणि समोरच्या खोबणीत बसवायचा. आज आपण ‘कामात अडसर आला’ म्हणतो, तो हाच.

साध्या घरांना कडी-कोयंडा. दार सुताराचं, कडी लोहाराची. दोघेही बलुतेदार, सुगीला खळ्यावरचं धान्य न्यायचे आणि वर्षभर दुरुस्ती करायचे. रोख पैसा लागत नसे, हे खरं. पण आमच्या गटातल्या आजी सांगतात, लोहाराकडे जायचं घरच्या पुरुषानेच. त्याला सवड होईपर्यंत दार दोरीवर!

मुंबईत १८९७ साली अर्देशिर गोदरेज यांनी कुलपं बनवायला सुरुवात केली. पुढे कारखान्यांचा माल तालुक्याच्या बाजारात आला, बलुतं मोडलं, कडी दुकानात मिळू लागली. आता ती स्क्रूने बसते, म्हणजे आपल्यालाही बसवता येते. दुकानात जाताना जुनी कडी सोबत न्या, म्हणजे भोकं जुळतील. लाकडातलं भोक सैल झालं असेल, तर बांबूची कामटी ठोकून भरा, वरचं टोक कापा, मग स्क्रू पिळा.

आधी न्हाणीची कडी बदला. पुढच्या दाराला कुलूप असतं. न्हाणीत मात्र अजून कितीतरी बायका एका हाताने दार धरून अंघोळ करतात.