झोपायच्या खोलीला रंग कोणता द्यावा? आधी ओल बघा, मग उजेड, मग शेड कार्ड

मुरबाड-शहापूर : भात झोडून घरात आलं, दिवाळी झाली की आपल्याकडे घराच्या रंगाचा विषय निघतो. कुणाच्या घरी माघात लग्न असतं, कुणाचं घरकुल पूर्ण झालेलं असतं, कुणाला 2 जानेवारीला सिद्धगडावर हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना मानवंदना द्यायला येणारे पाहुणे उतरवून घ्यायचे असतात. बाहेरच्या भिंतीचा रंग रस्त्यावरून दिसतो म्हणून त्याच्यावर चर्चा भरपूर होते. झोपायच्या खोलीचं मात्र "उरलेला डबा आत मारा" एवढ्यावर भागवलं जातं. खरं तर रात्रीचे सात-आठ तास आपण त्या चार भिंतींमध्ये श्वास घेतो. लहान बाळ, बाळंतीण, खोकला असलेली आजी सगळे त्याच खोलीत असतात. म्हणून ही माहिती.

आधी भिंत कोरडी आहे का ते बघा

सिद्धगड, गोरखगड, माळशेज, इकडे माहुली. या डोंगरांना ढग अडतात आणि दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आपल्या डोक्यावर पडतो. चार महिने भिंत पाणी पिते. वरून कोरडी दिसली तरी आतून ती नोव्हेंबरपर्यंत ओली असू शकते. अशा भिंतीवर कितीही महागाचा रंग मारा, पुढच्या श्रावणात पोपडे निघणारच. मग दोष रंगाच्या कंपनीला दिला जातो आणि पेंटरशी भांडण होतं, पण मूळ कारण ओल असते.

तपासायची पद्धत सोपी आहे. एक फूट बाय एक फूट प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवस आणि एक रात्र तसाच ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा तेवढा चौकोन काळपट झाला, तर ओल भिंतीतच आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली दमट आहे, खिडकी उघडी ठेवून काम भागेल. हा तुकडा जमिनीपासून फूटभर वर आणि पश्चिमेच्या भिंतीवर जरूर लावा, कारण आपल्याकडे पावसाचा मारा त्याच बाजूने असतो.

भिंतीतच ओल असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधा. कौल किंवा पत्र्याची सांध, स्लॅबची भेग, बाहेर भिंतीला टेकून रचलेली माती, पागोळीचं पाणी पायाशी साचणं, बहुतेक वेळा यातलंच काहीतरी निघतं. बाहेरून बंदोबस्त न करता आतून 'वॉटरप्रूफ' रंग मारणं म्हणजे पैसे घालवणं. पाणी आतच कोंडतं आणि दुसरीकडून फुटतं.

भिंतीवर पांढरा पिठासारखा थर येत असेल तर तो लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार. तो सुक्या ब्रशने झाडून काढा. पाण्याने धुतलात तर क्षार परत आत मुरतो. काळी-हिरवी बुरशी असेल तर एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर ब्लीचिंग पावडर कालवून ती जागा पुसा, पंधरा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. त्यात फरशी किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. बुरशीवर नुसता रंग फासला तर ती खालून पुन्हा वर येते, आणि दम्याच्या माणसाला तिचा त्रास होतो.

घर नवीन असेल तर घाई नको. प्लास्टरला पाणी मारणं थांबल्यावर किमान महिनाभर भिंत मोकळी ठेवा. ओल्या सिमेंटमध्ये तीव्र क्षार असतो. त्यावर ऑइलपेंट मारला तर तो चिकट होऊन सुटतो आणि साध्या रंगावरही डाग उठतात. घरकुलाचा फोटो द्यायचा म्हणून आठवड्यात रंग उरकणारे बरेच असतात. फोटोपुरता चुना मारा आणि पक्का रंग नंतर द्या.

खोलीत उजेड किती, त्यावर रंग

आता शेडचं बघू. घरकुलाचं क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट, आणि स्वयंपाकाची जागाही त्यातच. त्यामुळे झोपायची खोली वेगळी असलीच तर लहान असते, खिडकी एकच, तीही बऱ्याचदा पडवीत उघडणारी. अशा खोलीत भिंत उजेड किती परत फेकते याला फार महत्त्व आहे. पांढरी भिंत अंगावर पडलेल्या उजेडातला 80 टक्क्यांच्या आसपास परत देते, मोतिया किंवा दुधी रंग त्याच्या थोडा खाली. फिकट पिस्ता, लिंबू, आकाशी यांचं मध्यम. डाळिंबी, गडद निळा, विटकरी हे रंग मात्र 10-15 टक्केच परत देतात, बाकीचा उजेड भिंत गिळते. म्हणजे एकाच बल्बमध्ये एका खोलीत मुलाला पुस्तक वाचता येतं आणि दुसरीत दिवसाही बटण दाबावं लागतं.

म्हणून खिडकी लहान असेल तर भिंती मोतिया, बदामी, फिकट पिस्ता, फिकट अबोली यांपैकी घ्या आणि वरची बाजू पांढरीच ठेवा. गडद रंगाची हौस असेल तर एकच भिंत गडद करा, तीही खाटेच्या डोक्यामागची. झोपल्यावर ती डोळ्यांसमोर येत नाही आणि उजेडही फार जात नाही. खिडकीसमोरची भिंत मात्र गडद करू नका, कारण बाहेरचा उजेड आत फिरवणारी भिंत तीच.

गडद भिंतीचं आणखी एक आहे. डासांना दिवसा काळोख्या, गडद जागी बसायला आवडतं. फिकट भिंतीवर ते निदान दिसतात तरी. फवारणीवाले येणार असतील तर रंग किंवा सारवण त्याआधी उरका. भिंतीवर औषध मारल्यावर दोन-अडीच महिने तिथे सारवू नये, रंगही देऊ नये, नाहीतर औषध झाकलं जातं.

"निळ्या खोलीत झोप चांगली लागते, लाल रंगाने भांडणं होतात" असे मेसेज मोबाईलवर फिरतात. भिंतीच्या रंगाने झोप एवढी बदलते याला पक्का आधार नाही. झोपेवर परिणाम होतो तो उजेडाचा. रात्री उशिरापर्यंत पांढराशुभ्र एलईडी आणि मोबाईल चालू असेल तर भिंत कुठलीही असो, झोप उशिराच लागणार. वास्तूप्रमाणे रंग घ्यायचा तर जरूर घ्या, ज्याची त्याची श्रद्धा. फक्त सांगितलेल्या रंगाची फिकट छटा निवडा. पिवळा सांगितला म्हणून हळदीसारखा पिवळा मारायची गरज नाही.

गारव्याचा गैरसमजही काढून टाका. आतली भिंत आकाशी केल्याने खोली थंड होत नाही, डोळ्यांना तसं वाटतं एवढंच. खरा फरक पडतो तो छपराच्या आणि बाहेरच्या भिंतीच्या रंगाने. पत्रा किंवा स्लॅब वरून पांढरा केला तर उन्हाची बरीच उष्णता परत जाते. एप्रिल-मेमध्ये तापणाऱ्या खोलीसाठी आतल्या महागड्या शेडपेक्षा स्लॅबवर दोन हात पांढरा चुना जास्त कामाचा.

दुकानात गेल्यावर

आपल्याकडे रंगांना सुंदर नावं आहेत. मोरपंखी, आमसुली, चिंतामणी, पोपटी. लुगड्याच्या दुकानात ती चालतात. रंगाच्या दुकानात मात्र शेडचा नंबरच सांगा, कारण माझा पोपटी आणि तुमचा पोपटी वेगळा निघतो. मुरबाडच्या बाजारात काय किंवा शहापूरला काय, दुकानात ट्यूबलाइट असते. शेड कार्ड बाहेर उजेडात आणून बघा आणि जमलं तर एक दिवस घरी मागून न्या. कार्डावरचा बोटभर तुकडा फिकट वाटतो. तोच रंग चार भिंतींवर आला की एकमेकींचा उजेड पडून गडद दिसतो. म्हणून जो आवडला त्याच्यापेक्षा एक घर फिकट घ्या.

सगळ्यात चांगलं म्हणजे छोटा डबा आणून दोन वेगळ्या भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवणं. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून बघा. पिवळसर बल्बखाली आकाशी रंग हिरवट दिसतो आणि पांढऱ्या एलईडीखाली बदामी रंग फिका पडतो. खोलीत जो दिवा नेहमी असतो तोच लावून ठरवा. त्या खोलीत जिला रोज झाडायचं-पुसायचं आहे तिलाही विचारा. अनेक घरांत शेड पेंटर आणि घरातला पुरुष दोघेच ठरवून मोकळे होतात.

रंग किती लागेल? दहा बाय बाराची खोली, उंची नऊ फूट धरा. चार भिंती मिळून 396 चौरस फूट. दार-खिडकीचे साधारण 36 वजा केले की उरले 360. साधं इमल्शन गुळगुळीत भिंतीवर दोन हातांसाठी लिटरला 70 ते 100 चौरस फूट जातं, म्हणजे चार-पाच लिटर. खडबडीत भिंत जास्त पिते. सगळा रंग एकदाच आणा आणि एका बादलीत एकत्र करून मगच सुरू करा, कारण मशीनवर दुसऱ्यांदा काढलेला डबा कधी कधी किंचित वेगळा येतो. पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. त्याच्यापेक्षा जास्त पाणी घालून रंग 'पुरवणारे' असतात, तेव्हा घरातल्या कुणीतरी तिथे उभं राहावं.

कुठल्या भिंतीला कुठला रंग

कुडाची किंवा मातीची भिंत असेल तर ऑइलपेंट, इमल्शन काही नको. त्या भिंतीला श्वास लागतो. वर प्लॅस्टिकसारखा थर बसला की आतली दमट अडते आणि सारवणासकट पापुद्रा सुटतो. तिथे शेणमातीचं सारवण, गेरू आणि चुना हेच योग्य. गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक वारली घरांत आजही बघायला मिळतो. ती कला जगात नेणारे डहाणूचे जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. तो गेरू काही गरिबीची खूण नव्हे. मातीच्या भिंतीला तोच मानवतो.

चुना आजही सगळ्यात स्वस्त, आणि तीव्र क्षार असल्याने बुरशीला लवकर जागा देत नाही. कळीचा चुना विरवताना उकळतो. मुलांना लांब ठेवा, डोळे सांभाळा. विरवल्यावर गाळून थोडा डिंक घातला तर अंगाला लागत नाही, आणि चिमूटभर नीळ टाकली की पिवळट झाक जाते. फिकट रंग हवा तर त्यातच गेरू किंवा पिवडी कालवता येते.

सिमेंट प्लास्टरच्या भिंतीला डिस्टेंपर स्वस्त पडतो, पण ओल्या फडक्याने घासला की उतरतो. इमल्शन थोडं महाग, पण पुसता येतं. मुलं भिंतीवर लिहीत असतील तर इमल्शनच घ्या. पुट्टी भरायची तर पांढऱ्या सिमेंटची. पीओपी ओलीला टिकत नाही. शेणापासून केलेला 'खादी प्राकृतिक पेंट' खादी ग्रामोद्योग आयोगाने 12 जानेवारी 2021 ला बाजारात आणला. तो डिस्टेंपर आणि इमल्शन अशा दोन प्रकारांत येतो आणि वास कमी असतो. पण शेण आहे म्हणून सारवणासारखा वापरू नका, तो प्लास्टरवर लावायचा रंग आहे.

आपल्या भागात खालचा तीन-चार फुटांचा पट्टा गडद ऑइलपेंटने रंगवायची पद्धत आहे. पाठ टेकून मळ लागतो म्हणून ती आली. भिंत कोरडी असेल तर ठीक. पण जमिनीची ओल वर चढणारी भिंत असेल तर नेमक्या त्याच पट्ट्याला फोड येतात. तिथे गडद चालेल, पण ऑइलपेंट नको. विटकरी रंगाचं इमल्शन किंवा सरळ गेरू लावा.

ऑइलपेंटबद्दल आणखी एक, आणि हे गंभीर आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये, खास करून पिवळ्या, केशरी आणि लाल रंगात, शिसं असायचं. 2016 च्या केंद्राच्या नियमांनुसार घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षा जास्त चालत नाही. डब्यावर तसा उल्लेख असतो, तो वाचून घ्या. जुना रंग सुका घासून काढू नका. ती धूळ मुलांच्या पोटात गेली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. ओल्या पॉलिश पेपरने घासा. पोरंबाळं आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसऱ्या घरी असू द्या. निघालेला कचरा गोळा करून वेगळा ठेवा. अंगणात, कोंबड्यांपुढे टाकू नका.

लग्नाचं घर असेल तर नवरानवरीची खोली हळदीच्या आदल्या दिवशी रंगवायला घेऊ नका. इमल्शनला वास जायला तीन-चार दिवस, ऑइलपेंटला आठवडा तरी द्या, दारं-खिडक्या उघड्या ठेवून. काम झालं की डब्याच्या झाकणावरचा शेड नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा आणि उरलेला पावशेर रंग झाकण घट्ट लावून माळ्यावर सावलीत ठेवा. पावसाळ्यानंतर एखादा डाग पडला तर तोच कामाला येईल.