बहात्तर साली मुख्यालय कुठं आलं?

आमच्या चौसाळ्यात म्हाताऱ्या माणसांसमोर 'बहात्तर' म्हटलं की एकच अर्थ: दुष्काळ. खडी फोडायची, सुकडी खायची, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो. ज्वारीच्या मुलखात बाहेरची ज्वारी!

त्याच १९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरूला एका आंतरराष्ट्रीय संस्थेचं मुख्यालय आलं, इक्रिसॅट. काम ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमुगावर. म्हणजे आपलंच ताट.

मग दिल्ली-मुंबई सोडून पाटणचेरू का? आम्ही सर्व्हर कुठं ठेवायचा ते ठरवताना वीज आणि नेटवर्क बघतो. इथं माती बघितली. काळी आणि तांबडी, दोन्ही एकाच शिवारात. पाऊस बेताचा. शिवाय हैदराबादसारखं शहर हाताशी. सरकारनं सुमारे १४०० हेक्टर जमीन दिली.

पण ती जमीन काही रिकामी नव्हती. तिथली दोन गावं उठवावी लागली. कोरडवाहू शेतकऱ्यासाठीच्या संस्थेला जागा कोरडवाहू शेतकऱ्यानंच दिली, हे मला तरी जड जातं.

पुढं १९७५ पासून संस्थेची माणसं सोलापूर जिल्ह्यात शिरापूर, कळमणला राहून घराघरांचा हिशेब लिहू लागली: काय पेरलं, किती पिकलं, मजुरी किती मिळाली, उसनं कुणाकडून घेतलं.